साडूचा थर्मास

३ फेब्रुवारी, मंगळवार
हिला ताप. तोंडाला चव नाही म्हणून रविवारपासून उपाशी. आज साडूने, म्हणजे हिच्या ताईच्या नवऱ्याने, थर्मास भरून चिकन नूडल सूप पाठवलं. स्वतः केलेलं म्हणे. हिने दोन वाट्या संपवल्या आणि भावोजींच्या हाताला काय चव आहे, असं मला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटली. मी चमचाभर चाखलं. मीठ कमी. नूडल्स लिबलिबीत. नळांच्या कारखान्यात मी दिवसभर गळके नळ बाजूला काढतो. माझ्या नजरेतून दोष सुटत नाही.

४ फेब्रुवारी
ही म्हणते, बरं वाटेपर्यंत ताईकडे जाऊन राहते, तिथे निदान कोणी विचारपूस तरी करतं. मी म्हटलं, शनिवारी मी सूप करतो, ते पी आणि मग ठरव. हसली. हसताना खोकल्याची उबळ आली. बरं झालं.

५ फेब्रुवारी
मोबाइलवर अभ्यास केला. सूपला लागतं काय? कोंबडी, पाणी आणि अक्कल. अक्कल घरात आहे. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या साडूला जमतं, तर मला न जमायला काय झालं?
साडूचा थर्मास धुऊन ठेवा, असं ही म्हणाली. त्या माणसाचं भांडं मी घासणार? या जन्मी नाही.

६ फेब्रुवारी
खरेदी. कोंबडीवाल्याशी वाजलं. तुकडे केवढे करू, असं मलाच विचारतो. धंदा तुझा की माझा, म्हटलं. त्याने सूड म्हणून नुसती मान आणि पाठ दिली. गाजरं मात्र उत्तम मिळाली, मी स्वतः निवडली.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११
कोंबडी उकळते आहे. वास असा सुटलाय की शेजारीण दोनदा डोकावून गेली. जळतात लोक. गाजरं आणि नूडल्स शेवटी घालायच्या.

दुपारी १
स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळलेलं पाणी, गाळून घ्या, असं मोबाइलवर लिहिलं होतं. सिंकमध्ये चाळणी ठेवली आणि पातेलं ओतलं. हाडं चाळणीत राहिली. सूप गेलं.
चाळणीखाली भांडं ठेवा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. असल्या बेजबाबदार पाककृती लिहिणाऱ्यांवर खटले भरायला हवेत.
तेवढ्यात बेल. साडू. नेमका आत्ताच. दुसरा थर्मास भरून आणला होता, पहिला न्यायला आला होता. ही झोपलीय म्हणून दारातूनच कटवला. न धुतलेला थर्मास त्याच्या हातात कोंबला. ही जागी होती, पण आतल्या खोलीत, दार लावून.

दुपारी २
शांतपणे विचार केला. पातेलं माझं. गॅस माझा. गरम मी करणार, मिरपूड मी घालणार. मग सूप कोणाचं?

संध्याकाळी
हिने तीन वाट्या संपवल्या. माझा हात धरला. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी केलंत, म्हणाली. डोळे भरून आले होते. ताईकडे जात नाही म्हणाली.
मी तिच्याकडे न बघता वाट्या उचलल्या. दिवसभर उपाशी होतो, त्यामुळे असेल.

८ फेब्रुवारी
ताप उतरला. ही उठली, फ्रिज उघडला. गाजरं जशीच्या तशी, एकालाही सुरी लागलेली नाही. कालच्या सूपमध्ये तर चकत्या होत्या. तिने एक गाजर माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवलं.
मिरपूड माझी होती, असं मी सांगितलं. ती म्हणाली, नुसतं कोमट पाणी दिलं असतंत तरी मी तुमचं म्हणून प्यायले असते.
बॅग भरून गेली. बॅग साडूने उचलली. दिखाऊ माणूस.

१० फेब्रुवारी
मला ताप. तिचाच, जाताना देऊन गेली. फोन करणार नाही. तिने करावा. गाजर खाल्लं, कच्चंच.

११ फेब्रुवारी. सकाळी
दाराच्या कडीला साडूचा थर्मास अडकवलेला. मला ताप आहे हे शेजारणीने कळवलं असणार. डाव माझ्या लक्षात आलाय. तोंड लावायचं नाही.

दुपारी
तपासणीपुरती अर्धी वाटी घेतली. नंतर थर्मास उलटा करून पाहिला. रिकामा.
मीठ कमी आहे हे कळवायलाच हवं होतं, म्हणून फोन केला. साडूने उचलला. मी विचारलं, अजून आहे का. तोंडातून तेवढंच निघालं.
त्याने हिला विचारलं. पलीकडून तिचा आवाज आला. आहे म्हणावं, पण न्यायला स्वतः या. आणि थर्मास धुऊन आणा.

संध्याकाळी
धुतला. झाकणाच्या आतल्या रबरासकट.