तीन नंबरचा कंप

४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. निवृत्त होऊन तीन महिने झाले, तरी पंपघराचा फोन आला की मी अजून बूट शोधतो. आधी रोज यायचा, आता आठवड्यातून एकदा. तुझी वहिनी गेल्यापासून घरात दुसरा आवाज तेवढाच.

नव्या इंजिनिअर बाईंनी फर्मान काढलंय, माझा छत्तीस वर्षांचा अनुभव कॉम्प्युटरमध्ये साठवायचा. चाळीस पानं लिहून दिली. एकच गोष्ट मागे ठेवली. तीन नंबरचा पंप बिघडायच्या अर्धा दिवस आधी त्याच्या अंगात बारीक कंप येतो. कानाला कळत नाही, तळहाताला कळतो. तेही लिहून दिलं तर मला फोन कोण करणार? म्हातारा आपमतलबी झाला म्हणशील. म्हण.

तब्येत सांभाळ, आठवण ठेव.

तुझा दादा

११ मार्च

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली मी. ड्यूटी बदलताना एखादीनं एक वाक्य गिळलं की भोगायचं पेशंटनं. तो पंप बसला तर अर्धं शहर रिकाम्या बादल्या घेऊन उभं राहील, आणि त्या रांगेत तूही असशील.

एकटेपणा मला नवा नाही रे. माझं दार पोस्टमनशिवाय कुणी वाजवत नाही, तेही तुझ्या कृपेनं. पण म्हणून कुणी विद्या कुलपात घालतं का? मुकाट्यानं लिही. आणि दोन्ही वेळा नुसता पाव खाऊ नकोस.

माया आहे म्हणून बोलते, राग मानू नकोस.

तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं ऐकलं. लिहायला बसलो, तर लिहिता येईना. ‘बारीक कंप’ असं लिहून नेलं. बाईंनी विचारलं, बारीक म्हणजे किती? छत्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी टेबलावर तळहात टेकवून दाखवू लागलो. शेवटी त्याच म्हणाल्या, रोज सकाळी या, माझ्या शेजारी पंपावर हात ठेवा, कंप आला की सांगा.

दोन आठवडे गेलो. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. बाई मला मास्तर म्हणायला लागल्या. पंप ठणठणीत होता, आणि मी मनातल्या मनात त्याला विनवत होतो, बाबा रे, असाच राहा.

काल कंप आला. खोटं कशाला बोलू, मी मिनिटभर गप्प बसलो. मग तुझा वॉर्ड आठवला. बाईंना म्हटलं, हात जरा खाली घ्या, आता थांबा. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा चेहराच बदलला. त्यांना कळलं. वेळेत पंप थांबवून बेअरिंग बदललं. शहरात कुणाला पत्ताही लागला नाही.

उद्यापासून येऊ नका, असं बाई म्हणाल्या नाहीत. मीच म्हणालो.

आज सकाळी सवयीनं बूट घातले, मग काढून ठेवले. उत्तर लवकर धाड. निदान पोस्टमन तरी दार वाजवेल.

तुझा दादा