देवासमोर बोललेला आकडा

३ ऑगस्ट २०२५, वरसे
सकाळी टेमाहून परागचा फोन. घानातल्या आमच्या गणपती मंडळाचा नवा खजिनदार. मला परत येऊन वर्ष झालं, तरी जुनं काही विचारायचं तर मीच. म्हणाला, "काका, तुमची वही एकदम स्वच्छ. एक खाडाखोड नाही. फक्त नायजेरियाच्या नायराचे आपले सेडी कोणत्या दराने धरलेत, ते वर्षावार लिहून द्या. जुने दर नेटवर मिळतात."
देतो म्हटलं. वहीचं कौतुक सौ.ला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती उठून भाजी बघायला गेली.

५ ऑगस्ट
नायरा-सेडीचा जुना आलेख उघडला. २०२२ च्या गणपतीत एका सेडीला चाळीस-बेचाळीस नायरा. मग रेघ थोडी खाली-वर. जून २०२३ च्या मध्यात पायरीच. जुलैत एका सेडीला साठच्या बऱ्याच पुढे.
जुलै २०२३. म्हणजे दत्ताराम.
चहा पडून राहिला.

६ ऑगस्ट
लिहूनच काढतो.
दत्ता पेणजवळच्या गागोद्याचा. तेव्हा आमच्याच कंपनीत, पण नायजेरियात, लागोसला. तिथल्या मराठी पोरांचा वेगळा गणपती नव्हता. २०२२ च्या आरतीला फोनवरून एकेकाने पुढच्या वर्षाच्या पेणच्या मूर्तीसाठी वर्गणी बोलली, नायरात. गावी जसं बोलतात तसंच. एकदा बोललं की बोललं, त्यात पै कमी होत नाही. मी तिथल्या तिथे त्याचे सेडी केले आणि शाईने लिहिले.
दत्ताने वर्षभर पगाराच्या पगाराला पोरांकडून नायरा जमवले. जुलैत बदली होऊन टेमाला आला, बदलून घेतलेले सेडी माझ्यासमोर ठेवले. तिसरा हिस्सा कमी.
"भाऊ, नायरा पडला वो. नोटा तेवढ्याच हायत, सेडीच कमी आले."
मी वही फिरवून सगळ्यांना दाखवली. म्हणालो, "दत्ता, नायरा पडत असेल. देवासमोर बोललेला आकडा पडत नाय."
लोक हसले. बरं वाटलं होतं मला तेव्हा. दत्ताने राहिलेले सेडी आपल्या पगारातून भरले, गणपती झाल्यावर नोकरी सोडली. मी म्हणत फिरलो, बघा, खाल्ले नव्हते तर भरले कशाला?

७ ऑगस्ट
पोरांनी वर्गणी नायरात बोलली होती. नायरा पुरे आले होते. सेडी कुणीच बोललं नव्हतं, मी सोडून.

९ ऑगस्ट
एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. गेल्या दिवाळीत इथल्या मोरेबाईंनी रोह्याच्या बाजारात गाठलं. त्यांच्या मुलाला दत्ताची मुलगी वैशाली पसंत होती. "तुमी आफ्रिकेत एकत्र व्हतात ना? मानसं कशी हायत?"
मी म्हणालो, "माणूस चांगला. फक्त देवाच्या पैशात जरा..." आणि वाक्य तसंच सोडलं. मोठा सभ्यपणा! सोयरीक मोडली. पंधरा दिवसांनी कळलं तेव्हा मी सौ.ला म्हणालो, बरं झालं, वेळेत कळलं त्यांना.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१२ ऑगस्ट
सौ.ला सांगितलं. गवार निवडत होती. म्हणाली, "मग जा की गागोद्याला. मला काय सांगता?"
पाऊस आहे म्हटलं. तिने खिडकीबाहेर बघितलं. ऊन होतं.

१६ ऑगस्ट
एस.टी.ने पेणपर्यंत, पुढे रिक्षा. भात गुडघाभर आलंय. दत्ता डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर आहे, पहिली शिफ्ट करून नुकताच आला होता. वाळलाय. त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या.
आलेख दाखवला. त्याने चष्मा न लावताच फोन परत दिला.
"हा मला कशाला दाखवता, भाऊ? मी तर सांगितलेला तुमाला."
"चुकलो रे. मला आत्ता कळलं."
त्याने विचारलं, "तवा ठाव नव्हता?"
"नाही."
वैशाली चहा घेऊन आली. मला म्हणाली, "काका, साखर कमी हाय, चालंल ना?" एवढंच. मोरेंचं काढायला तोंड उघडलं, तर दत्ता म्हणाला, "तिच्यासमोर नको."
निघताना वेशीपर्यंत आला. "माझ्या घरात बोललात, त्याचा काय उपेग नाय. जिथं बोललात तिथं बोला."

१७ ऑगस्ट
काल खोटं बोललो. माफी मागायला जाऊन.
टेमाच्या कँटीनमध्ये तेव्हा रोज रेडिओ चालायचा. नायरा पडल्याचं जूनमध्येच ऐकलं होतं. आठवडाभर पोरं तेच बोलत होती. मला ठाऊक होतं. पण आकडा शाईने लिहिलेला आणि त्याच्यावर रेघ मारायची नव्हती. स्वच्छ वही.

२१ ऑगस्ट
मोरेंकडे गेलो. मुलाचा साखरपुडा नागोठण्याच्या मुलीशी झालाय. मोरेबाईंनी बर्फी पुढे केली. सांगितलं, दत्ताराम निर्मळ माणूस आहे, खोट माझ्या बोलण्यात होती.
त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाल्या, "अगो बाई, ती गागोद्याची व्हय? जाऊ दे वो, नशीब एकेकाचा."
बर्फी हातातच राहिली.

२४ ऑगस्ट
परागला दर पाठवले. २०२३ च्या पानाचा फोटो मागवला, त्यावर लाल रेघ मारली, खाली खरा दर लिहून सही केली आणि परत पाठवला. त्याचं उत्तर: "काका, तेव्हा लक्षात आलं नसेल. होतं असं."
सुटायला वाट आयती मिळाली होती. तेव्हाच माहीत होतं, हे मी त्याला लिहिलं नाही. अजून नाही.

२६ ऑगस्ट
उद्या चतुर्थी. आरतीनंतर टेमाच्या मंडळाचा फोन लागेल, लागोसची पोरंही असतील. दरवर्षी वर्गणी मीच वाचतो. दत्तालाही जोडून घ्यायला परागला सांगितलंय. दत्ता हो म्हणालाय.
दोन वाक्यं बोलायची आहेत. सौ.समोर म्हणून बघितली.
"दत्तारामने एक पैसा खाल्ला नव्हता." हे नीट आलं.
"आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."
हे अर्धंच आलं. सौ. म्हणाली, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. फक्त पहिलंच वाक्य आलं.