हिर्डोशीच्या गाडीतले डबे

भोर,
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. प्रेरणा,

फुलाअक्काचा जयभीम. पावण्यांनाबी माझा जयभीम सांग. प्रेमला म्हणावं, मावशी इचारत व्हती, मोबाईल कमी बघ.

मी बरी हाय. गुडघा दुखतो, पण तो तू हितं असतानाबी दुखायचा, त्यात नवं काय न्हाई. हिर्डोशीचं आयचं घर उभं हाय. मागची भिंत ओली झालीया, पण पडंल असं वाटत न्हाई. भात चांगलं हाय ह्या वर्षी.

फोन न करता कागद लिवती म्हणून दचकू नको. कोण मेलं न्हाई. फोनवर तू "बरं अक्का, बरं अक्का" म्हणतीस आन् ठेवून देतीस. कागद मधीच ठेवता येत न्हाई. चौथीपातुर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लागंल तसं लाव. भर दुपारी घरात बसून लिवतीया. दुपारची मी घरात कशी, हे आत्ता इचारू नको.

ह्या पावसाळ्यात भोरच्या रस्त्यानं जीव खाल्ला बघ. शनवार-रविवार घाटातले धबधबे बघायला पुण्याच्या मोटारी येत्यात. येऊ द्यात, त्यांनाबी पाय हायेत. पण आपल्या चौकात एका अंगाला गटार खणून ठिवलंय, दुसऱ्या अंगाला दुकानदारांनी पायऱ्या पुढं काढल्यात, आन् मधी जी काय जागा उरली तिथं मोटार लावून लोक मिसळ खायाला जात्यात. यष्टी आली की अडकली. पुढं जाता येईना आन् मागं घेता येईना. मग कुणीतरी ठरवलं, कुणी ते आजपातुर कळलं न्हाई, की डोंगराकडच्या गाड्या गावात आणायच्याच न्हाईत. माणसं गावाबाहेर उतरवायची आन् तिथनंच माघारी फिरायचं. बाळंतीण असू दे न्हाईतर दम्याचा म्हातारा असू दे, उतरा आन् चिखलातनं चाला.

हिर्डोशीची सकाळची गाडी अशी बाहेरच ऱ्हायली. आन् गाडीबरूबर डबे ऱ्हायले.

डब्यांचं तुला सांगाया नको. पण मला सांगावंसं वाटतंय, म्हणून ऐक. तू आठवीला भोरला आलीस तवा मी कधीच शाळा सोडून आपल्या वडलांबरूबर, दादांबरूबर, चौकात नाचणी-भाजी इकायला बसत व्हते. आय अंधाराची उठून भाकरी थापायची, डबा तिच्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत बांधायची आन् गाडीत द्यायची. ड्रायव्हर त्यो डबा आपल्या शेजारी विंजनाच्या तापल्या झाकणावर ठेवायचा. भोरला येस्तवर भाकरी अशी ऊन की आत्ताच तव्यावरनं काढली. निम्म्या डोंगराच्या पोरांचे डबे त्या झाकणावर यायचे. नाव कुणाला लिवता येत व्हतं? ज्याची चिंधी त्याची खूण. म्या लांबनं चिंधी बघून सांगायची, ह्यो कुणाचा.

पोरं उन्हापावसात हुबी ऱ्हाऊन खात्यात म्हणून दादांनी चार बांबू रोवून वर पत्रा टाकला. तू त्याखाली फळीवर बसायचीस. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पुस्तक. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तू मोठ्यानं वाचायचीस. मला वाटायचं माझ्यासाठीच वाचतीया. निम्मं कळायचं न्हाई, तरी गिऱ्हाइकाला थांबवून ऐकायची. एकदा एक बाई कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच हुबी ऱ्हायली आन् जाताना म्हणाली, आज तुमच्याकडं भाजीपरीस शाळाच जास्त.

आता नव्या गाड्यांना तसलं झाकण न्हाई. डबा थंडच येतो. पण येत व्हता.

हिर्डोशीच्या आपल्या शेजारच्या घरातली पिंकी हितं भोरला खोली घेऊन बारावीला हाय. गाडी बाहेर थांबायला लागल्यापास्नं ती डबा आणायला गावाबाहेर पळायची आन् तिचा पहिला तास जायचा. मग तिनं जायाचंच सोडलं. दुपारी बघितलं तर वडापाव खातीया. म्या म्हणलं, तुझ्या आयनं अंधाराचं उठून केलेलं कुठं हाय गं? तर म्हणाली, मावशी, गाडीतच माघारी गेलं. ते माझ्या डोक्यात गेलं बघ.

एका हपिसात गेले. ते म्हणाले रस्ता आमचा न्हाई. ज्यांचा रस्ता त्यांच्याकडं गेले, ते म्हणाले गटार आमचं न्हाई. गटारवाले म्हणाले मोटारी हटवायच्या आमच्या हातात न्हाईत. मोटारी हटवणारे म्हणाले, बाई, गाडी आम्ही थोडीच बंद केली. सगळ्यांचं खरं असंल. पण रस्ता त्यो एकच हाय ना? रागवू नको, तूबी हपिसातलीच हायेस. तुझ्या टेबलासमोर अशी कोण बाई आली तर तिला दुसरं टेबल दाखवायच्या आधी खुर्ची दाखवत जा.

मग म्या काय केलं, डोंगराकडच्या सगळ्या आयांना निरोप धाडला, माघारी आलेला डबा उघडू नका, दुसऱ्या दिशी तसाच गाडीत द्या. एक दिवस मीच गावाबाहेर जाऊन सगळे डबे टोपलीत गोळा केले आन् आणले ते सरळ तालुक्याच्या मोठ्या सायबाच्या टेबलावर मांडले. शिपाई आडवा आला. म्या म्हणलं, बाबा, बाँब न्हाई, भाकरी हाय. सायेब नवीन, पोरगेलाच. त्याला म्हणलं एक उघडा. त्यानं उघडला. कालवण आंबलेलं, वास आला तसा त्यो मागं सरला. म्या म्हणलं, सायेब, हे आंबलेलं तुमाला नुसतं हुंगवंना. पोरीच्या नशिबी तेबी न्हाई, ती वडापाव खाती.

 दुसऱ्या दिशी सायेब चौकात आला. आला म्हंजी काय, त्याची जीपच चौकाच्या तोंडाला अडकली. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर दमला. शेवटी सायेब उतरून चालत आला, बूट चिखलानं भरलेले. सगळा बाजार हसत व्हता. म्या न्हाई हसले. म्या म्हणलं, या, आता बोलता येईल.

त्यानं टेप काढायला लावली. कापडवाल्या मानसिंगशेठच्या पायऱ्या रस्त्यात आलेल्या निघाल्या. शेठ तसा वाईट न्हाई, पण पायऱ्यांवर हात पडल्यावर चवताळला. म्हणाला, "आधी हिचा पत्रा मोजा. ही सगळ्या गावाची तक्रार करत फिरती, आन् स्वतः रस्त्यात बसलीया."

प्रेरणा, मला खरंच ठाऊक नव्हतं. दादांच्या येळंपास्नं बाजाराची रोजची पावती फाडतोय. मला वाटायचं पावती हाय म्हंजी जागा आपली. दादांनाबी तसंच वाटायचं. म्या घरी जाऊन पावत्यांची पिशवीच आणली आन् सायबाम्होरं ठेवली. त्यो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ही बसण्याची पावती आहे. बांधकामाची नाही. पत्रा रस्त्यातच येतोय."

म्या म्हणलं, पावती फाडताना रस्त्यात न्हवता, आजच आला व्हय? त्यो पावती उलटीपालटी करून बघाया लागला. त्याला तरी काय म्हणू, त्यो तवा जन्मलाबी नसंल.

सगळा बाजार माझ्याकडं बघत व्हता. मानसिंगशेठबी, मिसळवालाबी, मागं डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायाबी. मी मागं सरले असते तर सगळ्यांचं भागलं असतं. शेठच्या पायऱ्या ऱ्हायल्या असत्या, माझा पत्रा ऱ्हायला असता, गाडी गावाबाहेर ऱ्हायली असती. कुणीच मला बोललं नसतं.

म्या म्हणलं, "पहिला माझा पत्रा काढा. मग शेठच्या पायऱ्या, मग गटार बुजवा. पण गाडी कधीपास्नं आत येणार ते हितं, सगळ्यांसमोर सांगा."

सायेब म्हणाला, "सोमवारपासून. नाही आली तर माझ्या दारात या."

"दारात न्हाई," म्या म्हणलं, "तुमच्या खुर्चीत बसंन."

आता कळलं, दुपारची मी घरात कशी?

पत्र्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला न्हाई. मीच काढला. दादांनी ठोकलेले खिळे इतके गंजले व्हते की डोकी तुटून हातात आली. बांबू उपटला तर खाली दादांनी घातलेला दगडांचा चुरा तसाच. पत्रा खाली ठेवल्यावर वर बघितलं तर आभाळ येवढं मोठं दिसलं की मला कसंतरीच झालं. तू बसायचीस ती फळी मात्र घरी आणलीया. तिच्या कडंला तू खिळ्यानं कोरलेलं हाय. तुला आठवत नसंल. तुझं नाव, आन् त्याखाली, वरची रेघ तिरकी झालेलं, माझं.

सोमवारी गाडी आली न्हाई. मी गेले आन् बसले खुर्चीत. खरंच बसले. त्यो सायेब हुबा राहून फोन करत व्हता, एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. मला जे चार हपिसं फिरून कळलं ते त्याला हुबं राहून कळलं. शिपायानं मला चहा आणला, सायबाला इसरला. मंगळवारी गाडी आली. आज. गटार अजून निम्मंच बुजवलंय, शनवारी मोटारी काय करतील ते शनवारी बघू. पण आज सकाळी हिर्डोशीची गाडी चौकात वळली आन् ड्रायव्हरनं उगंच लांब हॉर्न दिला. पिंकी डबा घेऊन पळाली, मागं वळून बघितलंबी न्हाई, तास गाठायचा व्हता तिला.

बाकीचे डबे ठेवायला जागा कुठाय? मी टोपली घेऊन हुबी. मानसिंगशेठची एक पायरी उरलीया. ते म्हणाले, "बसा आता माझ्याच पायरीवर, काय करता." म्या म्हणलं बसते, टेप आणू का? हसले. चहाबी पाजला.

गेल्या खेपेला तू गेलीस ते भांडून. म्हणालीस, सोलापूरला माझ्याकडं चल, आन् मी न्हाई म्हणल्यावर म्हणालीस, बस मग त्या पत्र्याला कवटाळून. म्याबी कायबाय बोलले, ते आता उगाळत न्हाई. पण तू गेल्यावर मी पत्र्यालाच कवटाळून बसले व्हते, ते खरं हाय. तुला वाटलं मला तुझ्यापरीस पत्रा प्यारा. अगं, त्या पत्र्याखाली तूच व्हतीस ना. सोलापुरात तू सायबीण हायेस, तिथं तुझा आवाज येगळा लागतो. पत्र्याखालची मोठ्यानं वाचणारी पोरगी माझ्याजवळ ऱ्हायली व्हती. तिला सोडून कुठं जाऊ?

आता पत्रा न्हाई. भांडायचं कारणबी न्हाई. सोलापूरला कायमची येणार न्हाई, ते इचारू नको. पण तू येशील का?

पुण्यावरनं मोटारीनं आलीस की भोरला उतरू नको. आधी हिर्डोशीला जा. आयच्या घरात एक रात ऱ्हा, ओली भिंत बघ. सकाळी भाकरी थाप, जमंल तशी. आयची हिरवी चिंधी अजून फडताळात हाय. डबा बांध आन् सकाळच्या गाडीत बस. झाकण न्हाई, म्हणून मांडीवरच घे.

मी चौकात असंन, उघड्यावर. डबा थंड झाला तरी चालंल, मी खाईन.

वाट बघणारी,
तुझी बिनपत्र्याची
फुलाअक्का