राजाच्या डोक्यावर करडी हॅट

४ सप्टेंबर १९८९. सोमवार.
आजपासून डायरी. कुणालाही दाखवायची नाही. बावीस वर्षं या गावात निमूटपणे ऑपेरा बसवले, आता बस्स! नव्या ऑपेरातल्या जुलमी राजाला करडा सूट आणि करडी हॅट. थेट आपल्या पुढाऱ्यांसारखी! पूर्व जर्मनी हादरणार. पहिला प्रयोग १० नोव्हेंबरला. बायकोला, फ्रीडरुनला, सांगितलं. म्हणाली, "आधी तळघरात कोळसा भरून घे."

१२ सप्टेंबर.
राजाचं काम करणारा एकार्ट सुट्टीसाठी हंगेरीत होता. तिथली सरहद्द उघडली आणि तो परस्पर पश्चिमेला पसार. हरकत नाही. त्याचा आवाज तसाही चिरका.

२६ सप्टेंबर.
सांस्कृतिक खात्याचे कॉम्रेड नाउंडॉर्फ तालमीला येऊन बसले. सारखे वहीत लिहीत होते. म्हणजे वरच्यांनी माझा धसका घेतलाय!
राजाची हॅट काढून पिसांचा मुकुट दिला. घाबरून नव्हे. कलेत सूचकता हवी.

९ ऑक्टोबर.
लाइपझिगला सरकारविरुद्ध प्रचंड मोर्चा. जाणारच होतो. पण सर्दी.
फ्रीडरुन गेली.

१९ ऑक्टोबर.
काल ते करड्या हॅटवाले पुढारी पायउतार. आज हॅट परत! कुणीतरी धाडस करायलाच हवं. आमची नायिका मार्लिट म्हणते, "अहो, आता शाळेतली पोरंसुद्धा त्यांची टिंगल करतात!" तिला रंगभूमी कळत नाही.

६ नोव्हेंबर.
जनतेचं काम करणाऱ्या कोरसमध्ये बावीस होते, उरले नऊ. बाकीचे पश्चिमेला. गर्दी नसलेली जनता! कसली कल्पना! माझीच.

९ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा.
उद्या इतिहास घडणार. रेडिओ बंद, जेवण लवकर, झोप लवकर.

१० नोव्हेंबर.
सकाळी टेबलावर फ्रीडरुनची चिठ्ठी. 'बर्लिनची भिंत उघडली. तुला हलवलं, तू कूस बदललीस. पश्चिमेला, हानोवरला ताईकडे जाते. बटाटे उकडून ठेवलेत.'
संध्याकाळी थिएटरात मार्लिट नाही, कोरस नाही. प्रेक्षक एकच. नाउंडॉर्फ. पहिल्या रांगेत, कोट घालून.
शेवटी विचारलंच, माझ्याबद्दल वर काय काय कळवलंत?
"तुमच्याबद्दल?" ते गोंधळले. "मी मुलीच्या लग्नातलं भाषण लिहायचो हो. घरी सुचेना. ती तर सप्टेंबरातच होणाऱ्या जावयाबरोबर तिकडे गेली. तरी लिहीत राहिलो."
त्यांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "उद्या तिला भेटायला निघतोय. गाडीत एक जागा आहे. येता?"
मी विचारलं, किती वाजता?