मोजणीआधीचा दाणा

चिरंजीव शालिकराम,

वामनदादाचे तुला, तुझ्या मंडळींना आणि गोठ्यातल्या म्हशीलाही आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (कसा असणार! मी सांगितलेलं तेल तू लावलं नसशीलच.) भिवापूरची मिरची वाळली का? इथे इतवारी बाजारात सगळं ठीक आहे, फक्त कॉलेजसाठी माझ्याकडे राहिलेली तुझी लेक काजल परवापासून बॅग भरून बसली आहे. तिनं तुला फोनवर सांगितलं, 'बाबा, मले कॉम्प्युटर जमून नाही राहिलं, घ्यायले या,' आणि तूही लगेच रविवारी येतो म्हणालास. निघण्याआधी हे पत्र वाच. फोनच केला असता, पण आपण दोघं भाऊ फोनवर भर बाजारात असल्यासारखे ओरडतो आणि काजल भिंतीपलीकडेच असते. म्हणून मिरचीच्या टेम्पोवाल्या पंकजच्या हाती कागद धाडतो आहे.

झालं असं. कॉलेजात तिला एक प्रोग्राम लिहायला दिला होता. नाव टाकलं की त्यात अक्षरं किती, ते त्यानं सांगायचं. (मला हे बोटांवर जमतं, पण त्याची पदवी कुणी देत नाही.) त्यात एक लूप असतो. लूप म्हणजे घाण्याचा बैल समज. प्रत्येक फेरीला एक अक्षर घेतो, गणतीत एक वाढवतो, अक्षरं संपली की थांबतो. काजलचा बैल फिरत होता, वेळेवर थांबतही होता, पण दर वेळी एक जास्त सांगे. इंग्रजीत काजलची अक्षरं पाच, तर हा म्हणे सहा. वामनराव आठ, तर नऊ. (मला वाटलं, वयाचा मान ठेवला असेल.) परीक्षेत सरांसमोर हेच झालं आणि वर्ग हसला. तेव्हापासून दोन दिवस पोरगी त्या ओळींकडे टक लावून बसली, धड जेवली नाही. खाली मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ताराचंदला बोलावलं, तर तो म्हणाला मशीन तापलं आहे. आम्ही लॅपटॉप कूलरसमोर ठेवला. लॅपटॉप गार झाला, काजलला सर्दी झाली, अक्षरं सहाच्या सहा राहिली.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं घेतलं. पस्तीस वर्षं या बाजारात मापारी होतो. धान्यात घोळ झाला की आम्ही वाद घालत नाही, माप पुन्हा टाकतो (वाद नंतर घालतो). एक वाटी आणि मूठभर तुरीचे दाणे घेऊन बसलो आणि म्हटलं, 'वाच वं एकेक ओळ, बैलाचं काम मी करतो.' तिनं पहिली ओळ वाचली, गणती बरोबर एक. मी वाटीत एक दाणा टाकला. मग तिनं नावातलं एकेक अक्षर म्हटलं आणि मी प्रत्येकाला एकेक दाणा टाकत गेलो. अक्षरं पाच संपली आणि वाटीत दाणे सहा! मोजणी सुरू व्हायच्या आधीच तिथे एक दाणा बसलेला होता. तिनं पहिल्या ओळीतला एक पुसून शून्य लिहिलं, बटण दाबलं, आणि पाच आले. (तो एक तिथे आला कुठून, हे आत्ताच विचारू नकोस.) मी टाळ्या वाजवल्या, पण ती हसली नाही. म्हणाली, 'एवढी सोपी चूक मले दिसली नाही, मोठेबाबा. मी काय शिकणार?' बॅग अजून दाराशीच आहे.

शालिक, तुझी वहिनी गोपिका गेल्यावर तीन वर्षं मी एकट्यापुरत्या भाकरी थापल्या. ही पोरगी आली, भाजीत तेल जास्त घालायला लागली, माझा चष्मा शोधून देऊन वर मलाच रागवायला लागली, आणि मला पुन्हा घरी परतावंसं वाटायला लागलं. ती हुशार आहे. तिला नेऊ नकोस.

तुझा दादा,
वामन

ता. क. – तो एक माझा. तिनं आधी शून्यच लिहिलं होतं. परीक्षेच्या सकाळी चहा पिताना मी डोकावलो आणि म्हटलं, 'काहून वं, रिकाम्यावरून मोजून राहिली? लाभाचा एक मांड आधी.' आपल्यात पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे तू जाणतोस. ती म्हणाली, 'सरांनी शून्यच सांगितलं.' मी विचारलं, तुझ्या सरांनी आजवर पोती किती मोजली? पोरीनं माझा मान ठेवून एक लिहिला. नंतर सगळ्या ओळींवर संशय घेतला, मोठेबाबांच्या ओळीवर घेतला नाही. सरांनी विचारलं कुणाची मदत घेतली, तर कुणाचीच नाही म्हणाली. वाटीतला दाणा दिसल्यावरही चूक तिनं स्वतःचीच म्हटली.

ता. क. दुसरा – हे मला तिच्यासमोर बोलवत नाही. सकाळपासून तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. तेव्हा पत्र मिळताच तिला फोन कर आणि वरचा ताजा कलम वाचून दाखव. (नेहमीसारखा ओरडून वाच. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं की मी बाहेर येईन.)

ता. क. शेवटचा – पंकजच्या हाती दोन किलो मिरची पाठव. आणि आज मी घरातली माणसं शून्यापासून मोजली. दोन भरली. रविवारी त्यातलं एक उचलून नेऊ नकोस.