माझं पहिलं खोटं

शुक्रवार पेठ, सोलापूर
७ ऑगस्ट १९७४

प्रिय रज्जाक,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडता बाजूला टाकशील, अशी भीती आहे. फोडलंसच, तर शेवटपर्यंत वाच. तुझी खुशाली मला चंद्रव्वाच्या पत्रांतून कळत असते. सिद्धम्माची ही बहीण, माझी मेहुणी, दुधनीत तुझ्याच गल्लीत राहते, हे माझं नशीब.

कॉलेजात मी अजून तेच शिकवतो. पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान परिचय, जुलैत सॉक्रेटिस, ऑगस्टात कांट. यंदा नऊच मुलं आहेत. परवा सांगत होतो, कांटच्या मते दाराशी खुनी येऊन ‘तुझा मित्र आत लपलाय का?’ असं विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही. दरवर्षी इथं कुणीतरी चिडतंच. यंदा मागच्या बाकावरची मुलगी उठली. म्हणाली, “सर, तुमी काय केलं असतं ते सांगा की.” माझं उत्तर पंचवीस वर्षं ठरलेलं. परवा मात्र खडू ठेवला आणि तास लवकर सोडून दिला. फार थकलोय रे.

बी.ए.ला असताना आपण यावरच भांडायचो. ज्यानं चार माणसं सुखी होतात ते चांगलं, असं तुझं म्हणणं. आणि मी म्हणायचो, परिणाम बघून बोललेलं खरं हा नुसता व्यवहार. तू पुढं ट्रकच्या धंद्यात गेलास, मी मास्तर झालो. भांडण तसंच राहिलं, दोस्तीही राहिली. त्या दिवसापर्यंत.

तो दिवस तू विसरला नसशील. तेव्हा तुम्ही इथंच सोलापुरात राहायचात. तुझा धाकटा भाऊ बडेसाब हुमनाबादच्या वाटेवर ट्रक उलटून गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. अम्मांचं हृदय नाजूक म्हणून तुम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं, तो हैदराबादला माल घेऊन अडकलाय. दारातच तू मला म्हणालास, “बसू, अम्मांसमोर काही बोलू नको.” मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग तू चहा सांगायला आत गेलास. अम्मांनी माझा हात धरला. “तू झूट नै बोलता, बेटा. मेरा बडेसाब कां है?” आणि मी सांगितलं.

पाचव्या दिवशी अम्मा गेल्या. मातीला मी आलो तेव्हा तू एवढंच म्हणालास, “तुझं बरोबर असेल. पण माझ्या घरी पुन्हा येऊ नको.” मी आलो नाही. माझं बरोबरच होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आईला पोराचा शोक करू द्यायचा नाही हा तिच्यावर अन्याय, असं वर्गात उदाहरण म्हणूनही सांगितलं, नाव न घेता. एक मात्र कधी सांगितलं नाही. त्या दिवशी सांगून झाल्यावर मी अम्मांजवळ बसलो नाही. मला बाराचा तास होता. अम्मा भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि मी चपला घालून कॉलेजात गेलो.

आता इकडचं. सिद्धम्माच्या पोटात गाठ निघाली. जूनमध्ये डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन महिने, फार तर तीन. मी खाटेजवळ आलो तेव्हा ती जागी होती. “बाकीचे काय बी सांगतील. तुमी खोटं बोलत न्हाई, म्हणून तुमालाच विचारते. गाठ काढली?” मी म्हणालो, “काढली. आता तू बरी होणार.”

तिनं लगेच विश्वास ठेवला. मी सांगितलं होतं ना! बायको म्हणून तीस वर्षं माझ्या खरेपणाचे चटके तिनं खाल्ले, आणि तोच खरेपणा मी असा वापरला. घरी आल्यावर ती दोन घास जास्त खाऊ लागली, हसू लागली. तेव्हा वाटलं, रज्जाक म्हणत होता ते खरं. पण गेल्या आठवड्यात तिनं मला चंद्रव्वासाठी पत्र लिहायला लावलं. ‘आत्ता खुरपणीची कामं सोडून येऊ नको. दिवाळीला ये, तोवर मी हिंडती-फिरती होते.’ ती सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. रज्जाक, तिची दिवाळी व्हायची नाही.

मी चुकलो की काय, मला समजत नाही. तेव्हा चुकलो की आत्ता, तेही समजत नाही. तुझी माफी मागायला हे पत्र लिहितोय असं तुला वाटेल, आणि ती मी मागतोच आहे. पण लिहायला बसलो ते वेगळ्या कामासाठी. चंद्रव्वाला घेऊन ये. या आठवड्यातच. ती का आली असं सिद्धम्मानं विचारलं, तर पटेल असं निमित्त तूच शोध. मला अजून ते नीट जमत नाही. आणि मला बाजूला सारून तिनं तुलाच विचारलं, तर काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. तो हक्क मला उरलेला नाही. फक्त जे सांगशील ते सांगून झाल्यावर थोडा वेळ तिच्याजवळ बस.

अजूनही तुझाच,
बसू