प्रत्येकाच्या कानात वेगळा बँड

४ मार्च

“तुमच्यातला एकजण फार मोठ्याने वाजवतो!”

हॉटेलच्या मॅनेजरांनी आज मला एकटीलाच केबिनमध्ये बोलावून हे सुनावले. दर शनिवारी आम्ही त्यांच्या भोजनगृहात वाजवतो. पुढच्या टेबलांवरच्या लोकांना म्हणे वेटरच्या कानाशी ओरडून सूप मागवावे लागते. महिनाअखेरपर्यंत आवाज आटोक्यात आला नाही, तर एप्रिलपासून ते रेकॉर्ड केलेले संगीत लावणार. ज्या बँडच्या एकेका गाण्याची मांडणी मी — ध्वनिशास्त्रातली डॉक्टरेट, पियानोच्या सर्व परीक्षांत प्रथम — स्वतः लिहून काढते, त्याच्या जागी एक पेन ड्राइव्ह!

‘एकजण’ म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्यात ड्रम एकच माणूस वाजवतो आणि तो माझा नवरा आहे. तरीही न्यायबुद्धीने सांगितले, “तो पुष्कळ सुधारला आहे. माझ्या डाव्या हातालाच बसतो. गेले काही महिने उशीवर थापट्या माराव्यात इतका मऊ वाजवतो. त्याची हमी मी घेते.”

मॅनेजरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “बघा मॅडम, तुम्हीच बघा.”

दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. प्रत्येकाला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून प्रत्येकाच्या पायाशी एक स्पीकर ठेवलेला. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो — एका जिन्यावरची भांडणारी बिऱ्हाडे! माझा स्पीकर डावीकडे असतो. तो मलाही अलीकडे दर शनिवारी थोडा थोडा वाढवावा लागतो, पण तो निव्वळ नाइलाज.

५ मार्च

उपाय ठरला. जमिनीवरचे सगळे स्पीकर हद्दपार. त्याऐवजी प्रत्येकाच्या कानात इयरफोन. सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून प्रत्येकाला हवे तसे मिश्रण — कुणाला गाणे जास्त, कुणाला ड्रम जास्त — आणि ज्याचे त्याने मोबाइलवरून ठरवायचे. रंगमंच शांत, सूप सुखरूप.

बिनतारी संच आमच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून लांब वायरीचा घ्यायचा. नणंदबाई (आमची गायिका) लगेच फोनवर फणकारल्या, “वहिनी, मी गाताना चालते गं! दावणीला बांधणार का मला?”

“तू चालतेस तेवढे वायरीत बसते. त्यापलीकडे गेलीस तर तशीही सूर सोडतेस.”

फोन ठेवला तिने. जेवताना नवऱ्याने यावर काहीतरी मत दिले. काय, ते समजले नाही. हल्ली तो फार पुटपुटतो. वयाच्या पन्नाशीत उच्चार इतके सैल होऊ देणे हा निव्वळ आळस.

८ मार्च

खरेदी. दुकानदाराला विचारले, या इयरफोनचा खर्जातला प्रतिसाद कसा आहे? (बास, म्हणजे खर्जाची साथही, मीच वाजवते, कीबोर्डवर डाव्या हाताने. त्यासाठी आणखी एक माणूस घेणे म्हणजे आणखी एक डोकेदुखी.) तो म्हणाला, “ताई, आवाज एकदम कडक!” माहितीपत्रक मागितले. “ताई, डोळे मिटून घ्या!” मी डोळे उघडे ठेवूनच घेतले. स्वस्तातले, पण नाइलाजाने पसंत.

रबरी बोंडे मात्र कानात टिकत नाहीत. नणंदबाईचे एक ‘आ’ लावताच टपकन गळ्यात पडले.

सर्वांना कानांच्या स्वच्छतेवर एक लहानसे व्याख्यान दिले. कानात उपकरण घालायचे तर कान आरशासारखा हवा. मी रोज सकाळ-संध्याकाळ कापसाची काडी फिरवते; तेच सर्वांनी करावे. तिघांनी माना हलवल्या. यांच्या माना हलतात, हात कधी हलत नाहीत.

११ मार्च

बोंडांवर तोडगा निघाला! आमचा गिटारवाला पेशाने दंतवैद्य. नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, अहंकार मात्र शाळेनंतरचा. दातांचा ठसा घेण्याच्या लगद्याने तो कानाचा ठसा घेणार, त्यावरून प्रत्येकाच्या मापाचे साचे करणार. बाहेर याच कामाचे काय मागतात ते पाहिले होते. हा घरचा म्हणून चहावर तयार झाला.

त्याच्या दवाखान्यात त्या खुर्चीवर एकेकाला आडवे केले. आधी कापसाचा बोळा, मग तो थंडगार गुलाबी लगदा. सवयीने दर वेळी म्हणायचा, “आ करा.” नणंदबाईंनी केलाही. “आता चूळ भरा,” असेही तो एकदा म्हणाला.

माझा उजवा ठसा सुबक आला. डावा आखूड — उजव्याच्या अर्धाही नाही.

“वहिनी, तुमचा डावा कान आतून बारका आहे का हो?”

“माझे दोन्ही कान समान आहेत. तुमचे दोन्ही हात समान नाहीत.”

नवरा उगाचच खिडकीबाहेर पाहू लागला. पुन्हा घेतला, पुन्हा आखूड! लोक या माणसाच्या हाती जबडे कसे सोपवतात?

१४ मार्च

नव्या व्यवस्थेवर पहिली तालीम. माझ्या कानात मी बँड रंगमंचावर बसतो तसाच मांडून घेतला — नवरा डावीकडे, नणंदबाई मध्ये, दंतवैद्य उजवीकडे. शास्त्र हेच सांगते.

कान बंद झाल्यामुळे सगळे किंचाळून बोलत होते. “सुरू करायचं का?” हा साधा प्रश्न शेजारच्या इमारतीपर्यंत गेला, तिथून कुणीतरी “करा एकदाचं!” म्हणून उत्तरही दिले.

पहिल्या कडव्यानंतर नणंदबाई थांबल्या. स्वतःचा आवाज त्यांनी आयुष्यात प्रथमच इतका जवळून ऐकला होता.

“हा माझा आवाज आहे?”

“तुझाच.”

“मग यात जरा घुमारा तरी घाला ना! पूर्वीसारखं!”

दंतवैद्याने गिटार उलटीपालटी करून पाहिली; चुकीचे स्वर तिच्यातून आपोआप येत असावेत, असा त्याचा समज झाला.

माझी तक्रार निराळी आणि खरी. माझा डावा इयरफोन जवळजवळ मुका आहे. ड्रम कुठेतरी खाली, तळघरात वाजत असल्यासारखे. स्वस्तातल्या मालाने शेवटी आपली जात दाखवली.

१५ मार्च

निर्मूलनाची पद्धत: एका वेळी एकच घटक बदलायचा. विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते. आज वायर बदलली. डावा तसाच. इयरफोनच बदलून घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने कानाला लावून पाहिला. “चालतोय की, ताई! वाजतोय ना धडाधड!”

दिवसभर दुकानात भोंगे वाजवणाऱ्या माणसाच्या कानांवर मी काय विश्वास ठेवावा? नवा जोड घेऊनच परतले. घरी साचे चढवून ऐकला. तोही डावीकडून मुका! हे कारखानेच आळशी आहेत.

१८ मार्च

आज जे पाहिले ते लिहू नये असे वाटते, म्हणूनच लिहिते.

मिक्सरच्या पडद्यावर प्रत्येकाचे मिश्रण दिसते. कोण काय ऐकतो, त्यात कोणाच्या आवाजाची सरकती पट्टी किती वर. डाव्या कानाचा दोष शोधताना सहज चाळले. दंतवैद्याच्या कानात मी तळाशी. नणंदबाईच्या कानात मी — बंद! सबंध तालमीत ती माझ्या एका स्वराविना गात होती. मला वाटत होते, माझ्या आधारावर तरते आहे.

फक्त नवऱ्याच्या कानात माझी पट्टी टोकाला. स्वतःचे ड्रमसुद्धा त्याने खाली घेतलेले. साहजिक आहे, ताल धरायला त्याला माझा आधार लागतो.

दंतवैद्याला जाब विचारला. तो हिरडी दुखणाऱ्या रोग्याशी बोलावे तसे बोलला, “वहिनी, तुम्ही छानच वाजवता. पण तुम्ही जरा... भरपूर असता.”

भरपूर!

नणंदबाईचे उत्तर आणखी वरचढ: “आणि तू कुणाचं ऐकतेस गं? दादा बिचारा दर गाण्यानंतर तुला काहीतरी म्हणतो. तू ढुंकूनही बघत नाहीस. मला लाज वाटते त्याच्यासाठी.”

“टीका असेल तर लेखी दे म्हणावं.”

१९ मार्च

आज कुणाशीही बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आले नाही. भरपूर!

२२ मार्च, शनिवार

स्पीकरविना पहिला कार्यक्रम. मॅनेजर पाठीमागे हात बांधून भिंतीशी उभे. आरंभ निर्दोष. लोक चक्क कुजबुजत होते, सूप आपोआप येत होते. मॅनेजरांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात माझे अभिनंदन केले.

तिसरे गाणे. शेवटच्या ओळीनंतर ड्रमचा एक ठोका आणि सगळे एकदम थांबतात — माझीच मांडणी, माझीच कल्पना. ठोका पडला. सगळे थांबले. मी थांबले नाही.

ठोका मला ऐकूच आला नाही! दोन्ही हातांनी, पूर्ण आत्मविश्वासाने, मी एकटीच पुढे वाजवत गेले. नणंदबाईने हाताने खूण केली. मला वाटले, गाण्याच्या भरात आहे. शेवटी नवऱ्याने काठी माझ्या डोळ्यांपुढे धरली. एका टेबलावरून टाळी आली. मी थांबल्याबद्दल!

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, आवाजाचं काम मस्त झालंय. तो तुमच्या डावीकडचा डबा गेला, ते एक फार बरं झालं. पण ही अशी गंमत नको. येत्या शनिवारी शेवटचं बघतो.”

माझाच स्पीकर त्यांच्या डोळ्यांत का सलावा, कळत नाही. ध्वनीविषयी सामान्य माणसाचे अज्ञान अथांग आहे.

नवऱ्याला गाडीत म्हणाले, “या इयरफोनमुळे माझं नाक कापलं गेलं.” तो गाडी चालवत होता आणि मी त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे तो माझ्या उजवीकडे. “होतं गं कधीकधी,” म्हणाला. अगदी स्पष्ट. मुळीच पुटपुटला नाही.

२३ मार्च

एक घटक बदलायचा राहिला होता.

डावा साचा उजव्या कानात बसत नाही, म्हणून मिक्सरशीच डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली आणि तालमीचे रेकॉर्डिंग लावले. डावीकडचे ड्रम आता उजव्या कानात यायला हवेत. इयरफोन सदोष असला तरी निदान काय ते कळेल. आले. खणखणीत. आणि उजवीकडची गिटार डाव्या कानात गेली ती तळघरात गेली.

वायर बदलली, इयरफोन बदलला, आता बाजूही बदलली. दोष जागचा हलला नाही. उरला एकच घटक. तो बदलून आणता येत नाही.

 माझे सगळे काही या दोन कानांवर उभे आहे. नोकरी, बँड, लोकांना नावे ठेवण्याचा अधिकारही.

जेवताना नवरा नेहमीप्रमाणे डावीकडे बसला. काहीतरी पुटपुटला. मी मान वळवून उजवा कान पुढे केला. “मीठ दे,” म्हणत होता. बहुधा गेले कित्येक महिने असेच काहीबाही साधे म्हणत होता.

मीठ दिले. कुणाला काही सांगितलेले नाही. आधी डॉक्टर. ते म्हणाले कान गेला, तर शनिवार नणंदबाई आणि दंतवैद्य सांभाळतील. बास वाजवणाराही त्यांनी शोधावा. मी टाळी वाजवायला बसेन. तालात.

२६ मार्च

कानाचे डॉक्टर. मी उत्तरे पाठ करून गेले होते: कधीपासून, किती, कोणत्या स्वराला. त्यांनी त्यातले काहीच विचारले नाही. दुर्बीण डाव्या कानात घातली आणि “ओहो!” म्हणाले. 

“अहो, काय ठासून भरलंय! कापसाची काडी वापरता?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ. अतिशय काळजीपूर्वक. आता तर इयरफोनही घालायचा असतो.”

“तरीच! काडीने मळ बाहेर येत नाही हो, आत जातो. तुम्ही रोज दोनदा नेमाने रचत आलात. त्यावर इयरफोनने शेवटचं पक्कं केलंत. इतका नीटनेटका बसलेला मळ मी पहिल्यांदाच पाहतोय. फार स्वच्छ माणसांनाच हा त्रास होतो.”

उजव्याचे काय, विचारले. “तिथे तुमचा हात एवढा सफाईने चालत नसावा.”

थेंब टाकले, पाणी मारले. जे बाहेर आले त्याचे वर्णन मी या वहीतही करणार नाही.

दंतवैद्याचा ठसा आखूड का आला, हे आता उघड आहे. त्याचा हात निर्दोष होता. त्याला हे कळवण्याची घाई नाही.

बाहेर पडले तर रस्ता केवढा मोठा झाला होता! माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागे लागला. घरी आल्यावर चौकशी केली — माझ्या व्याख्यानानंतर कानात काडी कुणीकुणी घातली? कुणीही नाही! देव त्यांचा आळस अखंड राखो.

२९ मार्च, शनिवार

कीबोर्डचा आवाज नेहमीच्या खुणेवर ठेवला आणि पहिल्याच स्वराला दचकून अर्ध्यावर आणला. नणंदबाईने चमकून मागे पाहिले आणि मोबाइलवर काहीतरी वर सरकवले. नवरा मुळीच सुधारलेला नाही. उशीबिशी काही नाही — जिन्यावरून कपाट सोडावे तसा वाजवतो, पूर्वीइतकाच. तरी मॅनेजरांनी एप्रिल पक्का केला. तो ‘एकजण’ कोण, हे मी त्यांना विचारले नाही. पहिले गाणे संपले आणि ड्रमच्या माइकमधून, माझ्या डाव्या कानात, नवरा हळूच म्हणाला, “वा, बाईसाहेब!” दुसऱ्या गाण्यानंतर म्हणाला. तिसऱ्यानंतरही. माझ्या कानातली त्याची पट्टी खाली करायला बोट नेले होते. होती तिथेच ठेवली.